उघड्या चोचीचा पोपट

मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १८५८. आळंद.

भाषणबंदी! तीन महिने. मुलींची शाळा मातृभाषेत हवी, एवढंच बोलले होते — बरं, दीड तास बोलले होते. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी हुकूम वाचून दाखवला, सही घेतली. जाताना म्हणाले, "बाई, पानी पियो. गला बैठ गया आपका."

किशनरावाकडे राहायला आले. धाकटा भाऊ, तुरीचा व्यापारी. म्हणाला, "अक्का, घरात बोलायला बंदी न्हाई. फकस्त जेवताना नको."

शुद्ध ९.

जनवाड्याच्या सत्यभामाबाई आल्या होत्या, आपल्या मुलासाठी महानंदाला बघायला. महानंदा ही किशनरावाची थोरली. मुलगी पसंत. मुलगा म्हणतो, लग्नानंतर परीक्षेला बसू देईन. म्हणून महानंदालाही मुलगा पसंत. माझी भाची शोभते!

हुंडा नको. अट एकच — रुखवतात मण्यांचं तोरण, समोरासमोर दोन पोपट, आणि मुलीच्या हातचं. "पोरीच्या बोटात कला पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

महानंदाच्या बोटांना शाई आहे.

वाढता वाढता नागूवहिनी म्हणाली, "वन्सं, तुमचं ते उदगीरचं भाषण आठवायलंय मला. पोपटाचं."

मलाही आठवतंय. बायकांच्या सभेत म्हणाले होते — काचेच्या पोपटापायी डोळे फोडता, आणि तो जन्मात एक अक्षर बोलत नाही! मण्यांचे डबे फेका, पाट्या घ्या! टाळ्या फार पडल्या.

शुद्ध १२.

महानंदानं दोन रांगा केल्या. एक वाकडी. मग रडली. किती सोपं असतं ते दाखवायला मी सुई हातात घेतली.

शुद्ध १३.

उसवलं.

शुद्ध १४.

पुन्हा उसवलं. एक मणी ओवायचा, मागच्या रांगेतल्या मण्यातून सुई काढायची, दोरा ओढायचा. यात चुकण्यासारखं काय आहे ते अजून सापडलेलं नाही. चुकतं मात्र.

वहिनी म्हणाली, "दोरा ओढा वन्सं, त्याचा गळा आवळू नका. भाषण न्हाई ते!"

वद्य ३.

ठरलं. तोरण मी करायचं, महानंदानं अभ्यास करायचा, तोही मोठ्यानं, म्हणजे मला ऐकू येईल. बाहेर कुणी विचारलं तर तोरण तिचं. खोटं आहे, ठाऊक आहे. पण हे लग्न मोडलं तर किशनराव दुसरा मुलगा बघणार, आणि तो पुस्तकं हातात ठेवू देईल याचा काय भरवसा?

किशनरावाला सांगितलेलं नाही. तो रोज मला मणी ओवताना बघतो आणि काही विचारत नाही. व्यापारात कसा टिकलाय कोण जाणे.

वद्य ८.

हिरवी पोत सोलापूरहून आणवली. मणी सुबक, मोहरीएवढे. पुडीवर विलायती शिक्का! स्वदेशीवरचं भाषण मनातल्या मनात मागे घेतलं. एका तोरणात माझी दोन भाषणं बुडाली, आणि पोपटाला अजून पाय फुटायचेत.

पौष शुद्ध २.

शेपूट झालं. हे लिहायला नको, पण लिहिते — सकाळी जाग आली ती शेपटाची आठवण होऊन. चहा गार झाला. वर्तमानपत्र आलं होतं, ते संध्याकाळी उघडलं.

शुद्ध १०.

बंदी पाळते का बघायला अमीनसाहेब आले. मी ओसरीत, मांडीवर तोरण. बघून फार खूश झाले. "माशाल्ला! अब लगते आप घर के औरत. ऐसेच रहो."

ते गेले. मी पोपटाची चोच उसवली. नमुन्यात ती मिटलेली असते आणि तिच्यात डाळिंब असतं. माझ्या पोपटाला डाळिंब नको. चोच उघडली, आत लाल मण्यांची जीभ घातली. सभेत उभा राहिल्यासारखा दिसतो.

वहिनी बघून म्हणाली, "ह्यालाबी धरून नेतील की!"

वद्य ६.

एक पोपट पुरा. दुसऱ्याची नुसती पायाची रांग धरली आहे.

माघ शुद्ध ११.

सत्यभामाबाई अचानक आल्या! पेठेत बहिणीकडे उतरल्यात. म्हणाल्या, "तोरण कुठवर आलंय, बघू की."

महानंदानं आणून पुढे ठेवलं. त्यांनी उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाकडे धरलं. मग पोपटाच्या जिभेवर बोट ठेवलं.

"चोच उघडी कामून गं?"

महानंदानं माझ्याकडे बघितलं. तिनं नको होतं बघायला.

मी म्हणाले, "नवा नमुना आहे."

"व्हय का," म्हणाल्या. चहा अर्धा ठेवून उठल्या. "उद्या येते."

किशनराव म्हणतो, "अशी माणसं उद्या यायलीत ती न्हाई म्हणायलाच." महानंदा पुस्तक उघडून बसली आहे. पान उलटत नाही.

शुद्ध १२.

सकाळीच आल्या. एकट्या. महानंदाला आत पाठवलं आणि माझ्यासमोर बसल्या. लग्न मोडू नका म्हणून सांगायला मी तोंड उघडलं. हातानंच गप्प केलं मला.

"जीभ बघितली अन् वळखलं, हे तुमच्या हातचं. उदगीरला मी पुढंच बसले व्हते, बाई. तुम्ही फेका म्हणलात. घरी गेले, मण्यांचा डबा उचलला अन् विहिरीत टाकला. पाटी घेतली, वाचाय शिकले. पर बोटं वळवळायलीत तवापासून. सून आली की तिच्या निमतानं घरात मणी येतील, म्हणून अट घातली. पोरगी वाचू द्या. पोरगी माझीच हाय."

इतक्या सभा केल्या, माझं ऐकून कुणी काही केल्याचं कधी कानावर आलं नव्हतं. एका बाईनं केलं होतं.

मी तोरण त्यांच्यापुढे केलं.

त्यांनी पदराच्या गाठीतून नवी कोरी सुई काढली.

"सरका जरा. दुसरा पोपट मी करते. ह्याची चोच मिटलेली राहू द्या. दोघंबी बोलायले तर ऐकणार कोण?"