माउंट अजून ठरला नाही

केनवड, ता. रिसोड
माघ संपत आला

चि. अंकुर यास योगिनीकाकूचे अनेक आशीर्वाद.

तुझी, तनुजाची आणि तुझ्या पाठीच्या मणक्याची खुशाली कळव. दिवसभर कॉम्प्युटरसमोर वाकून बसणाऱ्यानं दुसऱ्यांना आकाश बघायला शिकवावं हे मला पहिल्यापासून खटकतं, पण आशीर्वादाच्या ओळीतच भांडण नको. इकडे सर्व ठीक आहे. सर्व म्हणजे तुझी आई, तिचे गुडघे, हरभरा आणि मी. तुझे काका गेल्यापासून हे वाक्य पुरतं खरं नसतं, पण लिहावं लागतं. (नाहीतर समोरचा घाबरून फोन करतो, आणि फोनवर रडणाऱ्याशी काय बोलावं ते मला कळत नाही. टेलिफोन खात्यात जन्म काढून हे शिकले.)

मुद्द्यावर येते. तुझे काका भाद्रपदात गेले आणि मागे एक दुर्बीण, एक कॅमेरा आणि एक न सुटलेला प्रश्न ठेवून गेले. तो प्रश्न त्यांच्या डोक्यात तूच भरवलास: दुर्बीण बसवायची कशावर. मला वाटायचं, कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या स्टँडवर. असं म्हटलं की तुम्ही काका-पुतणे माझ्याकडे असे बघायचे, जशी काही मी देवघरात चपला घालून आले. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा एक फोटो काढायचा, एवढीच त्यांची हौस. पण पृथ्वी फिरते, तारे सरकतात, म्हणून दुर्बिणीला ताऱ्यांमागे हळूहळू फिरवणारा माउंट हवा. पहिला प्रकार वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळतो. तो सोपा, पण फोटो जास्त वेळ घेतला की कडेचे तारे गरगरल्यासारखे येतात. दुसरा आपला अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखून फिरतो. तो फोटोला उत्तम, पण जड आणि तऱ्हेवाईक. तिसरा सुटसुटीत, पण नुसता कॅमेरा पेलतो, दुर्बीण नाही. शिवाय कंपनी सांगेल त्याच्या निम्मंच वजन लादावं, हा तुझा नियम. (हा नियम आमच्या लग्नात कुणीतरी माझ्या सासूबाईंना सांगायला हवा होता.) एवढं सगळं झालं आणि निर्णय झालाच नाही. माणूसच आधी गेला.

दिवाळीनंतर मी मनाशी ठरवलं की तो फोटो निघाला पाहिजे, आणि यंदाचा मृग हातचा जायच्या आत. उन्हाळा लागला की तो संध्याकाळीच पश्चिमेला टेकतो आणि मग पुढच्या थंडीपर्यंत वाट बघायची. माझ्या वयाला पुढची थंडी गृहीत धरू नये. तेव्हा तू लिहिलंस की काकू, आपल्या काळ्या मातीत तीन पायांचं काही स्थिर राहायचं नाही, आधी मुरूम लागेपर्यंत खोदून शेतात पक्का खांब बांधा, मग त्यावर कुठलाही माउंट बसेल. तुझं म्हणणं मला आयुष्यात पहिल्यांदा पटलं, आणि त्याची फळं आता भोगते आहे. (जगदेवरावांचा सल्ला वेगळाच होता. ते आपले शेजारी, पाटबंधाऱ्यातून निवृत्त. पृथ्वीची मध्यरेषा वाशीमवरून जाते असं आपल्याकडे सगळे सांगतातच. त्यावरून ते म्हणाले की आपल्याले ध्रुवतारा पाह्याची गरज नाई, आपण मुळातच सरळ आहोत. मी त्यांना चहा दिला.)

किशन मिस्त्रीला मी फोन केला. ट्रंक कॉलच्या दिवसांपासून फोनवर मोजकं बोलायची सवय, आणि कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनीही तेच शिकवलेलं: थोडक्यात आणि स्पष्ट. मी म्हटलं, साहेबांसाठी (तुझ्या काकांना तो साहेबच म्हणायचा) शेतात एक पक्का खांब बांध, कमरेइतका उंच, कडुलिंबापासून दूर, उत्तर मोकळी, वरून सपाट. एवढं सांगून मी बहिणीकडे अकोल्याला गेले. आले तर काय, खांब तयार. गुळगुळीत प्लास्टर, वर चुना, पुढच्या अंगाला दिव्यासाठी कोनाडा, पायाशी तुळस, आणि डोक्यावर छानसा घुमट.

किशनला विचारलं, सपाट सांगितलं होतं ना. तो म्हणाला, “बाई, सपाट ठेवलं तं पाणी साचते. समाधीवर कोणी पाणी साचू देते का?” मी त्याला सांगितलं की ही समाधी नाही, ही दुर्बिणीची बैठक आहे. त्यानं डोक्यावरचा गमछा काढला आणि माझ्याकडे फार मायेनं बघितलं. “असू द्या बाई. सुरुवातीले असंच होते.” मला एवढा संताप आला की मी इंग्रजीत बोलले. त्याला त्यामुळे खात्रीच पटली.

आता ऐक. हरभरा सोंगायला जाणाऱ्या तांड्यावरच्या बाया वाटेत थांबून फूल ठेवतात. कुणीतरी नारळ फोडून गेलं. जे गृहस्थ जन्मभर देवळात फक्त सावलीसाठी बसले, त्यांच्यापुढे लोक पोरांची बारावी सुटावी म्हणून हात जोडतात. आणि तुझी आई, माझी थोरली जाऊ, गुडघे धरत रोज दिवेलागणीला तिथं जाऊन दिवा लावते. अंधार मिळावा म्हणून शेतात आलो, आणि सगळ्या शिवारात उजेड आहे तो नेमका तेवढ्याच जागी.

परवा मी खांब सोडून शेजारी साधं स्टँड उभं केलं, नुसता कॅमेरा मृगाकडे लावला आणि बराच वेळ उघडा ठेवला. व्हायचं तेच झालं, ताऱ्यांच्या रेघा आल्या. तुझ्या आईनं कॅमेऱ्याचा पडदा डोळ्याजवळ धरून विचारलं, “योगिनी, ह्या रेघा कायच्या व्हय वं?” मी म्हटलं, पृथ्वी फिरते ना, त्याच्या. तिनं पडदा पदरानं पुसला. मग म्हणाली, “दौलतभाऊ गेले त्या दिवशीबी फिरूनच राह्यली व्हती का?” हो म्हटलं. “येक दिस थांबली असती तं तिचं काय गेलं असतं?” दिव्याला आडोसा धरायला मीच उभी राहिले. वारा फार होता.

काल किशनला घुमट फोडायला बोलावलं. छिन्नी-हातोडी घेऊन आला, खांबापुढे उभा राहिला, पाया पडला आणि परत गेला. जाताना म्हणाला, दुसरा मिस्त्री पाहा. रिसोडपर्यंत विचारून झालं, दुसरा मिस्त्री मिळत नाही. तेव्हा तू माउंटचं नाव आणि त्याच्या तळाच्या पट्टीचं माप ताबडतोब कळव. घुमट मी स्वतः फोडीन. मला कुणाची भीती नाही.

बाकी क्षेम. मणक्याला जप.

तुझी
योगिनीकाकू

ता. क. हे पत्र तुझ्या आईनं चष्मा लावून वाचलं. घुमटाला हात लावला तर ती कायमची तुमच्याकडे राहायला येणार आहे. तनुजाला आधी कल्पना देऊन ठेव.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. माउंटचं नाव कळवू नकोस. कळवलंस की मी मागवीन, तो येईल, फोटो निघेल, चांगलाच निघेल, आणि संपेल. तुला ठाऊक नसेल, पण रोज चहाच्या वेळी तुझे काका एक माउंट पक्का करायचे आणि मी त्यात खोड काढायची. जेवणापर्यंत तो बाद. आमचं शेवटचं बोलणंही, हॉस्पिटलात, एका माउंटच्या वजनावरूनच झालं. आता चहाच्या वेळी मी दोन्ही बाजू लढवून बघते. खोड काढायला मी कुठेच कमी पडत नाही, पण पक्का करणारी बाजू मला येत नाही. तेव्हा तू अधूनमधून एखादा माउंट पक्का म्हणून लिहून पाठवत जा. कारणं सविस्तर दे. माझं ऐकून लगेच माघार घेऊ नकोस, ते घ्यायचे नाहीत.