पंखा ऐकून घेतलेलं कार्ड

९ नोव्हेंबर
मधूनं आज काहीतरी मागितलं. इंदूरच्या दवाखान्यातून आल्यापासून दोन महिन्यांत पहिल्यांदा. ‘दादा, कॉम्प्युटरचं ग्राफिक कार्ड बदलायचं.’ बदलू म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की तोच चमकला. एरवी मी साधा पट्टा घ्यायचा तरी तीन दुकानं फिरतो.

मधूच्या डाव्या हाताची तीन बोटं निकामी झालीत. उजवा हात शाबूत. डॉक्टर म्हणाले, नसा एकेक करून मरत जातील. आधी हात, मग पाय, मग जीभ. डोकं शेवटपर्यंत चालेल. हे शेवटचं चांगलं म्हणून सांगितलं की वाईट म्हणून, ते अजून कळलेलं नाही. उजवा हात किती दिवस, विचारलं. ‘कह नहीं सकते.’ खोदून विचारलं तर म्हणाले, सहा महिने धरून चला, कमीही असतील.

बेचाळीस वय. या यंत्रमागांच्या गल्लीत असा जॉबर, दुरुस्तीचा मिस्त्री, नव्हता. अडलेल्या मागावर नुसता तळहात ठेवला की कुठं बिघडलंय ते सांगायचा.

११ नोव्हें.
कार्ड म्हणजे काय ते मधूकडून समजून घेतलं. खरं म्हणजे त्याला बोलतं करायचं होतं. कॉम्प्युटरमधलं चित्र विणायचं काम कार्डाचं. मी मागाच्या भाषेत विचारलं, मिनिटाला किती पिक, किती धागे? हसला. ‘मिनिटाला नाही दादा, सेकंदाला. साठ चित्रं पडली की गेम सुरळीत. माझ्याकडं अठरा पडतायत.’ त्याची टोळी नव्या गेमवर गेली. जुन्या कार्डावर तो गेम रडतो. पंखा तर असा ओरडतो, जसा बिनतेलाचा माग.

टोळी म्हणजे तिघं: नागपूरचा एक, भोपाळचा एक, आणि जबलपूरची बँकेतली एक बाई, ती सगळ्यांत जास्त शिव्या देते. रोज संध्याकाळी सहा ते आठ. मधूला ‘उस्ताद’ म्हणतात. समोरासमोर कुणी कुणाला पाहिलेलं नाही.

डाव्या हाताचं काम त्यानं पायाला दिलंय. शिलाई मशीनचं पायडल कापून, आत बटणं बसवून, स्वतः केलं. सप्टेंबरात. तेव्हा पक्कड धरता येत होती.

१३ नोव्हें.
दोन कंपन्या, हिरवी आणि लाल. मधू हिरवीवाला, नागपूरचा लालवाला. हिरवी महाग पण चित्र गोड, लाल स्वस्त पण मेमरी जास्त. मेमरी आठ की सोळा, हा दुसरा घोळ. आठ आजला पुरे, सोळा पुढं कामाला येईल. वर पॉवर सप्लायही बदलावा लागणार, जुना तेवढा भार पेलणार नाही. भल्या माणसा, मी म्हटलं, तुझा नि रेखाचा साखरपुडा एवढ्या चौकशीत झाला नव्हता. रेखा आतून ओरडली, ‘भाऊजी, मी ऐकतेय.’

घरात दोन महिन्यांनी असा आवाज.

१७ नोव्हें.
शनवारा चौकाजवळ जुनेदच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. नवीन आठचं आहे, नवीन सोळाचं मागवावं लागेल. मग हळूच म्हणाला, ‘सेठ, इंदौर का एक पीस आया है. पिछली पीढ़ी का, मगर बड़ा कार्ड. बारह जीबी. नए से तगड़ा.’ एक हात वापरलेलं. मालकानं घरी सिनेमे बघायलाच वापरलं म्हणे.

माझ्या बारा मागांतला एकही नवीन नाही. चार तर भंगारातून उचललेले. माग घेताना मी डोळे मिटून दहा मिनिटं ऐकतो, मग बोली लावतो. आजवर फसलो नाही.

जुनेदला शटर अर्धं ओढायला लावलं, रिक्षांच्या गोंगाटात काय ऐकू येणार. कार्ड लावलं, पंखा पूर्ण फिरवला. डोळे मिटले. बेअरिंग लोण्यासारखं. कुठं घासत नाही, शिट्टी नाही.

मधूचा फोन: ‘दादा, अर्धा तास गेमवर चालवून बघ. नुसता पंखा ऐकू नको.’
‘माग घ्यायला तू मला शिकवणार?’
‘माग नाहीये ते.’
‘फिरतं ते सगळं मागच.’
मग म्हणाला, ‘नवीन घेतलं असतंस तर बरं झालं असतं.’

घेतलं. सोबत नवा पॉवर सप्लाय. जुनं कार्ड जुनेदलाच देऊन टाकलं, बदल्यात बसवणं आणि केबल फुकट. सौदा छान झाला, असं वाटून घरी येताना पावशेर दराबा मिठाई घेतली.

१९ नोव्हें.
बसलं. नव्वद चित्रं! मधूनं मला खुर्ची ओढून बसवलं. डोंगर, धुकं, गवताचं पातं न पातं हलतंय. ‘बघ दादा, पाण्यात माझी सावली दिसते.’ पायडलवर पाय असा नाचत होता. जबलपूरवाली: ‘उस्ताद, आज तो आग हो!’ मी बाहेर ओसरीवर बसून ऐकलं. दोन तास हसत होता. मला वाटलं, घेतलं ते बरोबर घेतलं.

२४ नोव्हें.
पडद्यावर रंगीत चौकोन. मग काळं. बंद करून चालू केलं, वीस मिनिटं बरं, परत काळं. पंखा मात्र लोण्यासारखा फिरतोय.

२५ नोव्हें.
जुनेदनं उघडलं. दोन वर्षं दिवसरात्र नाणी खोदायला राबवलंय म्हणाला, ऑनलाइन नाणी, बिटकॉइनसारखी. मेमरी भाजलीय. ‘पंखा नया डाला है सेठ, महीना भी नहीं हुआ. आपने पंखा सुना, कार्ड नहीं सुना.’ तो स्वतःही फसला, तोंडावरून दिसत होतं. इंदूरवाल्याचा फोन बंद.

जुनं कार्ड परत दे म्हटलं. ते खकनार गावच्या एका गिऱ्हाइकाला विकलं, चारच दिवसांपूर्वी.

नवीन आठचं समोर कपाटात होतं. उचलायचं आणि घरी यायचं. जुनेद म्हणाला, इंदूरला दुरुस्त होतं, मेमरी बदलतात, दहा दिवस. मी दुरुस्तीला पाठवलं. पैशासाठी नाही. फसलो हे मान्य करायचं नव्हतं, एवढंच. इथं लिहितो, घरात बोललो नाही.

मधूला सांगितलं, दहा दिवस. ‘बरं’ म्हणाला.

५ डिसें.
दहा दिवस झाले. ‘कल-परसों.’

९ डिसें.
‘कल-परसों.’ रेखा ताट ठेवताना म्हणाली, ‘भाऊजी, नवीनच आणा ना.’ ती कधी सांगत नाही. मी म्हटलं, आता येतंच आहे. ती ताट ठेवून उभी राहिली.

संध्याकाळी सहाला मधू फोनवर टोळीचं बोलणं ऐकतो. खेळत नाही, नुसतं ऐकतो. मध्ये सांगतो, छतावर बघा, मागनं येतील. समोर पडदा काळा, पाय पायडलवर.

११ डिसें.
शर्टाचं बटण लागेना. उजव्या हाताची तर्जनी वाकत नाही. मधूनं सांगितलं नाही, रेखानं सांगितलं. मी गेलो तर हात उशीखाली.
‘दाखव.’
‘काय दाखवू, हातच आहे.’
माऊस दाबायचं बोट तेच.

कार्ड असतं तर सतरा दिवस खेळला असता. रोजचे दोन तास. मी हिशोबाचा माणूस, पण हा हिशोब पुढं करवत नाही.

१४ डिसें.
ओसरीत बसलो होतो, मधू आत फोनवर बोलत होता. ‘उधर रुको’ म्हणाला. ‘र’ घसरला. मी उठून उभा राहिलो. परत ऐकलं. ‘रास्ता’ म्हणाला, तिथंही.

घरात कुणाला कळलेलं नाही. रेखाला नाही, आमच्या हिला नाही, त्यालाही बहुतेक नाही. मला कळलं. बारा माग एकदम चालू असताना त्यातल्या एकाचा दात झिजलेला मला ऐकू येतो. आयुष्यभर या कानांचा तोरा मिरवला. पंख्यावर चुकले तसे आजही चुकलेले असोत.

१५ डिसें.
इंदूरच्या डॉक्टरांना फोन केला. कान चुकले नव्हते. कधी जीभ पायांच्या आधी जाते, म्हणाले.

१६ डिसें.
जुनेदला सांगितलं, दुरुस्ती राहू दे, ते कार्ड तापीत टाक. नवीन दे. आठ की सोळा, मधूला विचारायला आलो.

‘आठ पुरे.’
‘सोळाचं चांगलं म्हणत होतास.’
‘सोळा चार वर्षांनंतरसाठी असतं दादा. तेव्हाचे गेम चालावेत म्हणून.’
अगदी साधं बोलला. जसं या सुताला एवढाच ताण पुरे म्हणतात. मी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत बसलो. ते सरळच होतं.

१९ डिसें.
सोळा घेतलं. इंदूरहून बसनं मागवलं. हिरव्या कंपनीचं. सील मधूसमोर फोडलं. पंखा लागला तेव्हा मी मुद्दाम बाहेर गेलो.

मधू: ‘सोळा कुणासाठी घेतलंस?’
मी: ‘दुकानात तेवढंच होतं.’
‘खोटं बोलताना तू घसा खाकरतोस.’

२१ डिसें.
नेम धरतो तो, मनगटानं माऊस सरकवून. दाबायचं बोट माझं. माऊसला दुसरं बटण जोडून घेतलं, ते माझ्या हातात. मधू ‘मार’ म्हणतो, मी दाबतो. पहिल्या दिवशी अकरा भिंती मारल्या आणि एक नागपूरवाला.
‘दादा, तो आपला माणूस होता.’
‘मग समोर कशाला येतो?’
हसताना त्याला ठसका लागला, बराच वेळ गेला नाही. रेखानं पाठ चोळली. गेममध्ये तोवर आम्ही मेलो.

भोपाळवाला: ‘उस्ताद, आज निशाना किधर है? पी के बैठे हो क्या?’ त्यांना काहीच माहीत नाही. आजारी होतो, एवढंच सांगितलंय. मी म्हटलं, सांगून टाक. मधू म्हणाला, ‘सगळीकडं मी आजारी आहे. तिथं नाही.’

२५ डिसें.
जमायला लागलं. त्याचा श्वास बदलला की मला कळतं, ‘मार’ म्हणायच्या आधीच बोट दाबतं. आज जिंकलो. चौपन्नाव्या वर्षी मी नऊ माणसं मारली. जबलपूरवाली म्हणाली, ‘वापस आ गए उस्ताद!’ मधूनं माझ्याकडं बघून भुवई उडवली.

दुपारी पाणी पिताना गिळायला त्रास. ते मी पाहिलं. त्यानं पाहिलं की मी पाहिलं.

३० डिसें.
आता घसरलेलं सगळ्यांनाच कळतं. रेखा त्याच्याशी मोठ्यानं बोलते, जणू बहिरा झालाय. आज दोनदा तिला काय म्हणाला ते मी सांगितलं. आतल्या खोलीत जाऊन रडली, मग कणीक मळायला घेतली.

गेममध्ये मधू कमी बोलतोय. आधी सगळ्यांना तोच हाकायचा.

२ जानेवारी
आज डाव निम्म्यावर आला होता. मधूनं काहीतरी लांब सांगितलं, पुलाखालून जा, वरून नको, असं. मला नीट कळलं. मग नागपूरवाला: ‘उस्ताद, आवाज कट रहा है.’ भोपाळवाला: ‘मुझे भी. कुछ समझ नहीं आया.’

मधूनं परत सांगितलं. हळू, एकेक शब्द, गळ्याच्या शिरा ताणून. ‘नहीं उस्ताद, फट रहा है.’

त्यानं माझ्याकडं पाहिलं. पुटपुटला, मला ऐकू जाईल एवढंच: ‘सांग, माइक खराब आहे.’

मी हेडफोन त्याच्या डोक्यावरून काढून स्वतःला लावला. म्हटलं, मैं उस्ताद का बड़ा भाई. इसका माइक खराब है. ‘अरे भैया नमस्ते!’ तिघंही एकदम. आणि मग सुरू झाले. कोणता घ्यायचा, वायरचा की बिनवायरचा, टेबलावरचा की डोक्यावरचा. नागपूरवाला म्हणे त्या कंपनीचा नको, जबलपूरवाली म्हणे तुला काय कळतं, मी दोन वर्षं तोच वापरते. दहा मिनिटं भांडण. खेळणं राहिलं बाजूला. मी एक कान उघडा करून हेडफोन मधूच्या कानाशी धरला. तो डोळे मिटून ऐकत होता. जबलपूरवाली म्हणाली, ‘भैया, कल ही ले आओ, उस्ताद के बिना मज़ा नहीं.’

मी हो म्हटलं. घसा खाकरला की नाही, आठवत नाही.

३ जाने.
सकाळी जुनेदच्या दुकानापर्यंत गेलो. काचेत चार माइक मांडलेले. जुनेद बाहेर आला, ‘बोलो सेठ, क्या दिखाऊँ?’

विचार करून सांगतो म्हटलं. नवा माइक लावला की बिघाड माइकचा नव्हता हे तिघांना कळेल. आता चार वाजलेत, सहा वाजायला अजून दोन तास आहेत. मधूनं पाय पायडलवर ठेवून बघितला, चालतोय.