चिखलाला नुसतं चिखल म्हणायचं नाही

प्रिय रेफ,

डॅड बोलला! 'पाणी' नाही, 'भूक' नाही, माझं नावसुद्धा नाही. नोव्हेंबरात मेंदूचा झटका येऊन वाचा गेल्यापासून पहिला शब्द कुठला, तर 'स्लब'. तुला आठवत नसणारच.

नीट सांगते. इमोजेन म्हणून स्पीच थेरपिस्ट येते, ती चित्रं दाखवायची. कप, कुत्रा, खुर्ची. हा आपला खिडकीबाहेर बघत बसायचा. पोरगी गोड आहे, पण तिनेही हळूच सांगितलं, ईस्टरपर्यंत काही हललं नाही तर वरचे लोक धडे बंद करतील. गेल्या आठवड्यात वैतागून मी त्याला व्हीलचेअरवर घातलं आणि गाईंच्या फाटकाकडे नेलं. तिथे चिखलात चाकं रुतली. मी ढकलतेय, घामाघूम, आणि तोंडातून निघालं, 'काय हा मेला स्टग!' खुर्चीतून डरकाळी आली, 'स्लब!' तो लालबुंद. 'स्टग... पातळ. हा... दाट. स्लब. गाढव!' शेवटचा शब्द मला होता. मी तिथेच त्या स्लबमध्ये बसून हसले, रडले, काय केलं देव जाणे.

तो कसा आहे तुला माहितीये. उपाशी राहील, पण ससेक्सच्या जुन्या शब्दाला चुकीचा अर्थ लावलेला सोसणार नाही. मग काय, मी मुद्दाम चुकायचा धंदाच मांडला. जमिनीतल्या बिळाला 'स्म्यूस' म्हटलं. चमचा आपटून म्हणाला, 'कुंपण... ससा... येऊन-जाऊन!' बरोबरच आहे, ससा रोज घुसून घुसून कुंपणाला भोक पडतं ते स्म्यूस. हमरस्त्याला 'ट्विटन' म्हटलं, तर 'बोळ गं, बोळ!' इमोजेनने चित्रं पिशवीत टाकली आणि तीही चुकायला लागली. पण परक्या पोरीवर तो ओरडत नाही, नुसती मान हलवतो. आणि मी मुद्दाम चुकते हे म्हाताऱ्याने ओळखलंय. काल 'नाटकं' म्हणाला आणि तोंड फिरवलं. तेव्हापासून गप्प.

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू 'बघतो' म्हणून ठेवला असतास. ब्रायटनच्या शाळेत पोरं हसली आणि तू हे शब्द टाकून दिलेस. डॅड गावभर सांगत सुटला, पोराने जिभेला इस्त्री करून घेतली. तेव्हापासून तुमचं जे फाटलंय ते शिवायला मी सांगत नाहीये. माफी नको, रडारड नको. रविवारी दुपारी फक्त त्याला फोन कर आणि डोक्यात उरला असेल तो कुठलाही शब्द वापर. तुला मुद्दाम चुकावं लागणार नाही, तू खराच चुकशील. आणि तुझ्यावर ओरडल्याशिवाय तो राहूच शकत नाही. मी फोन त्याच्या कानाला धरून उभी राहीन. ओरडू दे त्याला. तू एवढंच कर, फोन ठेवू नकोस.

रविवारची वाट बघणारी, तुझीच बहीण,
ब्रायनी