शेजारची रेघ

११ सप्टेंबर

अखेर पोचलो. न्यूझीलंडमधल्या डनीडनहून समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात पर्थ, तिथून कालगुर्ली, आणि पुढे लिंडसे प्रुएटच्या खटारा गाडीतून सहा तास उत्तरेला. कानांत, दातांत, पावात, सगळीकडे लाल माती. आणि मी खूश आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी असं लिहिताना जरा लाज वाटते, पण या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

लिंडसे सत्तरीचा. तीस वर्षं धातू हुडकणारा डिटेक्टर घेऊन या माळावर सोनं शोधतो आहे. बायको मॉइरा गेल्यापासून एकटाच यायचा. या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले म्हणून जोडीदार हवा होता. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो हे कळल्यापासून मला ‘मास्तर’ म्हणतो. माझे बूट पाहून पहिल्या मिनिटाला म्हणाला, टाचेत खिळे आहेत लेका, हे घालून फिरलास तर दिवसभर स्वतःलाच शोधत बसशील. त्याच्याकडे बिनखिळ्यांचा एक जादा जोड होता. एक नंबर मोठा आहे. दोन मोजे घातले की बसतो.

१४ सप्टेंबर

कामाची रीत आता अंगवळणी पडते आहे. कमरेच्या पट्ट्याला मागे एक साखळी बांधायची. चालताना ती फरफटत मातीत रेघ ओढते. टोकाला पोचलं की वळायचं आणि येताना त्या रेघेला लागून डिटेक्टरची तबकडी फिरवायची. खाली धातू असला की कानांत आवाज येतो. शेत नांगरावं तसं. वीतभर जमीनही न ऐकता राहत नाही. संध्याकाळी गाडीच्या टपावर चढून पाहिलं, तर माझा पट्टा एकेरी वहीच्या पानासारखा दिसत होता. शिक्षकाला याहून काय हवं?

लिंडसेचे नियम थोडे आहेत आणि कडक आहेत. खणलेला खड्डा बुजवायचा. सापडलेला गंजका खिळासुद्धा उचलून न्यायचा, पुढच्याचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून. दुसऱ्याच्या रेघांत शिरायचं नाही. जे मिळेल ते संध्याकाळी पत्र्याच्या ताटलीत, दोघांसमोर. आणि थडगं लागलं तर कुदळ खाली. सव्वाशे वर्षांपूर्वी तहानेनं आणि तापानं मेलेली माणसं इथे कुठेही पुरलेली आहेत. दगड रचायचे, पोलिसांना कळवायचं, ती जागा सोडायची. “मेलेल्याचाही आपल्या जागेवर दावा असतो, मास्तर,” तो म्हणाला, “आणि त्याची मुदत संपत नाही.”

आज मसुरीच्या डाळीएवढं सोनं सापडलं. ताटलीत ठेवताना डोळे पुसले. लिंडसे म्हणाला, एवढ्यावर रडलास तर उद्यापासून टॉवेल आणतो.

१९ सप्टेंबर

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी, मुल्गा म्हणतात त्या इथल्या बाभळीच्या एका वाळक्या झाडापाशी लागोपाठ बारीक आवाज आले. खणलं तर बुटाचा जाड खिळा. मग आणखी एक. नियमाप्रमाणे वेचून खिशात टाकत गेलो. सहाव्या खिळ्याला कळलं की ते तळव्याच्या आकारात आहेत. पुढे तसेच दुसऱ्या तळव्याचे. तेव्हा थांबायला हवं होतं. मला कळत नव्हतं असं नाही. पण खिळे निघाल्यावर खालून दुसराच आवाज येऊ लागला, खोल आणि गोल, तसा मी आजवर ऐकला नव्हता. कोपरापर्यंत हात घातला. मुठीत मावेल एवढा सोन्याचा गोळा. त्याच्याभोवती वाळक्या काटक्यांसारखं काहीतरी होतं. काटक्या नव्हत्या. पाचही उलगडाव्या लागल्या.

खड्डा बुजवला, पायानं दाबला, वरून पाला पसरला. फार नीट बुजवला.

ताटलीत आज माझ्याकडून काहीच नव्हतं. गोळा माझ्या जादा मोज्यात आहे. लोभ म्हणावा तर विकायचा विचारही मनात आला नाही. सांगितलं तर लिंडसे ही जागा सोडेल, आणि मलाही. वर्षभरानं मला इथे झोप लागते आहे. ही सबब झाली, हेही कळतं. उद्या सांगेन.

२१ सप्टेंबर

सांगितलं नाही.

मी सकाळपासून बारा रेघा ओढल्या. जमिनीवर तेरा आहेत. तीनदा मोजल्या. तेरावी माझ्या शेवटच्या रेघेला अगदी लागून आहे, हिशेबानं, कुणीतरी माझ्यामागून चालत यावं तशी. तिच्या बाजूला पावलं नाहीत.

लिंडसेला विचारलं, चुकून माझ्या पट्ट्यात आला होतास का? भडकला. म्हणाला, तीस वर्षांत बापाच्या रेघेत पाय टाकला नाही, तुझ्या कशाला टाकू? मग माझा चेहरा पाहून स्वतःच चहा करून दिला. त्याच्या त्या चहानं जास्त लाज वाटली.

२३ सप्टेंबर

गोळा परत ठेवायला गेलो. जागा सापडली नाही. दोन तास त्या झाडाभोवती तबकडी फिरवली. खिळे मीच वेचून नेले होते. डिटेक्टरला तिथे ऐकायला काही उरलंच नव्हतं. कुदळीनं चार ठिकाणी खणलं, चारही ठिकाणी कोरी घट्ट माती.

परतताना गोळा आमच्या मुक्कामाच्या पश्चिमेला एका खडकाखाली लपवला.

२४ सप्टेंबर

सकाळी पश्चिमेकडे सतरा रेघा. पहिली दूर, मग जवळ, मग आणखी जवळ. शेवटची खडकापासून हातभर. घाई नाही. एकही वीत सुटलेली नाही.

गोळा काढून पुन्हा मोज्यात घेतला. ज्याच्या मुठीतून काढला तो या गोळ्याच्या मागे आहे, एवढं नक्की.

२६ सप्टेंबर

मला एक मार्ग सुचला. लिहितानाच त्याची किळस येते आहे, तरी लिहितो. लिंडसे उद्या ओढ्याच्या काठचा पट्टा घेणार आहे. त्याच्या वाटेत गोळा पुरून ठेवला तर तो त्यालाच सापडेल. ताटलीत येईल. दोघांचा होईल. मला तोंड उघडावं लागणार नाही.

टीचभर खोल पुरला.

२७ सप्टेंबर

सापडला. हाक ऐकून मी धावलो, धावण्याचं सोंग केलं. म्हातारा गुडघ्यांवर बसून रडत होता. मॉइरानं बघायला हवं होतं, म्हणाला. मग मला मिठी मारली आणि ओरडला, निम्मा तुझा, मास्तर, तुझ्याच पायगुणानं आला! संध्याकाळी मटणाच्या चापा भाजल्या, जपून ठेवलेली बिअर काढली. ताटलीत मधोमध तो गोळा. मी दोन चापा खाल्ल्या. चवही लागली. ते विसरता येत नाही.

गोळा त्यानं शर्टाच्या खिशात ठेवून वर बटण लावलं.

२८ सप्टेंबर

माझ्या पट्ट्यात आज माझ्याच रेघा. मोजून तितक्याच. किती हलकं वाटलं.

मग लिंडसेचा पट्टा पाहिला. त्याच्या प्रत्येक रेघेशेजारी एक.

म्हटलं, आजच निघू. तो हसला. जमिनीनं आत्ता कुठे तोंड उघडलंय आणि तू पळतोस? भित्र्या, जा, न्यूझीलंडात मेंढ्या मोज. मी सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. मग म्हटलं की माझं पोट बिघडलं आहे.

२९ सप्टेंबर

सकाळी ९.३० — लिंडसे माझ्या आधीच गेला. त्याच्या रेघेवरून निघालो. अर्ध्या मैलावर ती थांबते. शेजारची थांबत नाही.

१०.१० — सापडला. मोकळ्या माळावर बसला आहे, पाय पसरून. त्याच्याभोवती रेघेचं मोठं वर्तुळ. आत दुसरं. त्याच्या आत तिसरं. म्हणतो बरा आहे, फक्त पाय ऐकत नाहीत. काखेत हात घालून ओढला. हलत नाही. खांब पुरल्यासारखा. त्याच्याखालची माती भुसभुशीत.

१०.२५ — हातातल्या रेडिओवर जवळच्या मेंढ्यांच्या कुरणावर राहणारी बेव्ह भेटली. गाडी घेऊन येते, पण एक वाजेल म्हणाली.

१०.४० — रेघ माझ्या डोळ्यांदेखत सरकते. काही दिसत नाही, माती तेवढी दुभंगत जाते. साखळीचा आवाज. एका फेरीला आठ मिनिटं. दर फेरीला तबकडीएवढी आत. दहा फेऱ्या उरल्या. म्हणजे बारा वाजता शेवट. बेव्ह येणार एकला.

११.१५ — लिंडसे कमरेपर्यंत खाली.

११.२० — सांगितलं. सगळं. खिळे, बोटं, मोजा, ओढ्याकाठी पुरलं ते. तो ऐकत राहिला. शिवी देईल वाटलं. एवढंच विचारलं, “ताटलीत का नाही ठेवलंस रे, मास्तर?”

मी त्याच्या खिशाकडे हात नेला.

११.३० — खिसा तो उघडू देईना. गोळ्यासाठी नाही. म्हणाला, तू घेतलास तर तुझ्यामागे लागेल, मी म्हातारा आहे, राहू दे. तरी मी बटण तोडलं.

११.३६ — गोळा घेऊन वर्तुळाबाहेर. रेघ थांबली. मोठ्यानं ओरडलो — मी काढलं, याला ठाऊक नव्हतं, थडगं मी उकरलं, मी. माळावर मूर्खासारखा.

लिंडसेची कंबर वर आली. मग ढोपर. निघतो आहे तो. देवा, निघतो आहे.

११.४१ — रेघ माझ्याकडे वळली.

चालतो आहे, लिहितो आहे. त्याच्यापासून लांब नेतो. गोळा खाली ठेवला — वीस पावलं मागे झालो — घे, तुझं आहे —

गोळ्याला वळसा घालून गेली. थांबलीही नाही. त्याला तो गोळा नकोच होता —

आता समजलं त्याला, थडगं कुणी उकरलं ते.

११.५० — पाय उचलत नाहीत. लिंडसे ओरडतो आहे, रांगत येतो आहे माझ्याकडे, मूर्ख म्हातारा — येऊ नकोस — बेव्ह, ही वही तुला मिळाली तर त्याला धरून ठेव, इकडे —

माझ्याभोवती तीन फेऱ्या उरल्या. माती गार आहे. आधीच कुणी खणून ठेवल्यासारखी —

लिंडसे रेघेपाशी पोचला. ओलांडतो आहे. लिंडसे, नको, ती तुझी नाही, दुसऱ्याच्या रेघेत —