हिच्या आवाजासाठी स्पीकर

ता. ४ नोव्हेंबर
कॅसेट पुसली. कडेला बुरशी. हळूच, दम धरून. टू-इन-वनवर लावली तर ही पाण्याखालून गाते असं वाटतं. निमीच्या, आमच्या लेकीच्या, हळदीतला धवला, लग्नाच्या आवतणाचं गाणं. गावात एवढी वर्षं धवलारीण म्हणून हिला मान, पंचक्रोशीतलं लग्न हिच्या गाण्याशिवाय लागत नसे, आणि आवाज राहिला तो एवढ्या एका कॅसेटवर. तीही तुटली तर?

स्टुडिओवाल्याकडे पेन ड्राइव्हवर उतरवायला दिली. तीन वेळा विचारलं, पुसणार नाही ना. म्हणाला, "आजोबा, बसा इथंच बघत." बसलो.

ता. ७
उतरली. रविवारी २३ ला हिचं वर्षश्राद्ध. ज्यांच्या लग्नात ही गायली त्या बायका येतील. जेवणाआधी सगळ्यांना हिचा आवाज ऐकवायचा. मुलाचा बोटीवरून फोन. "जमिनीवर उभे राहतात ते स्पीकर घ्या बाबा, चांगले घ्या." चांगले म्हणजे कसे, ते त्यालाही सांगता येईना.

खाऱ्या हवेने गंजतील का? विचारायचं राहिलं.

ता. ९
सुनेला, वैशालीला, घेऊन पनवेलला. दुकानदार बरा माणूस. दोन जोड्या बाजूला काढल्या. एक काळी, कमरेएवढी, खाली परातीएवढा पडदा. दुसरी लाकडी, बारकी, उंच, उपाशी माणसासारखी.

त्याने काळीवर ढोल लावला. "काका, बास बघा. छाती हलते की नाही?"
म्हटलं, माझी बिनढोलाची हलते.
वैशाली म्हणाली, "बाबा, पत्रं उडतील घराचं."

हिचा आवाज लावा म्हटलं, तर पेन ड्राइव्ह घरी. चोरीला जाऊ नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. तिथेच राहिला. वैशाली परत येताना एसटीत तोंडाला पदर लावून हसत होती. ही असती तर पदर न लावता हसली असती.

ता. १०
काळी की लाकडी? काळी दणकट वाटते. बाहेर कंटेनरच्या गाड्या सारख्या चालू, खिडक्या वाजतात, त्यात बारक्या जोडीचा आवाज पोचेल का? दुकानदार म्हणाला होता, भिंतीला चिकटवू नका, हातभर पुढे ठेवा. हातभर पुढे ठेवले तर बायका बसणार कुठे? खोली पावलांनी मोजली. दोनदा वेगवेगळी आली.

ता. १२
परत पनवेल. पेन ड्राइव्ह सदऱ्याच्या आतल्या खिशात, वर सेफ्टी पिन.

आधी काळी. हिचा आवाज आला. मागे मांडवातल्या जनरेटरची घरघर मोठी, पण आवाज हिचाच. डोळे भरले. दुकानदाराने पाण्याचा ग्लास दिला.

मग लाकडी.

ही समोर बसल्यासारखी. बांगड्या ऐकू आल्या. जात्याजवळ बसून गायली होती, मागे कुणीतरी सुपारी फोडत होतं, तेही ऐकू आलं. हिने गावदेवाला बोलावलं, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, जशी हिची आई बोलवायची तशी. माझा बाप. माझी आई. हिचा बाप. एकेकाला नावाने, लग्नाला या म्हणून. मग हिने श्वास घेतला. लांब. पुढचं नाव घ्यायला घेतात तसा.

आणि मागून माणसाचा आवाज. "पुरं झाला गो तुझा! बेंजोवाले कवाचे थांबलेत!"

बायका हसल्या. बेंजो सुरू. ही पुढे नाहीच.

आवाज माझा.

मी असं ओरडलो होतो हे मला आठवत नाही. खोटं नाही लिहीत. आठवत नाही. काळीवर परत लावायला सांगितलं. तिथे घरघरीत काही कळत नाही. श्वासही नाही, मीही नाही.

वैशाली खाली मान घालून पर्सची चेन उघडझाक करत होती. दुकानदार म्हणाला, "लाकडीला तोड नाही काका, बारीकसारीक सगळं निघतं." म्हटलं, काळी बाजूला ठेवा, फोन करतो.

ता. १३
जेवण गेलं नाही. वैशालीने विचारलं, "बाबा, काळीच घ्यायची का?" व्हय म्हटलं. तिने पेज करून आणली.

निमीच्या लग्नानंतर हिला तीन-चार घरांतून बोलावणं आलं होतं. गेली नाही. घसा धरतो म्हणाली. मग बोलावणी बंद झाली. मी हिला अडुळशाचा काढा करून द्यायचो. रोज. ही प्यायची. काही न बोलता प्यायची.

ता. १५
स्टुडिओवाल्याकडे गेलो. मधला बाप्याचा आवाज काढता येईल का? त्याने हेडफोन कानाला लावून ऐकलं. म्हणाला, "कोण ओरडलाय हा येडा?" मी चष्मा पुसला. "काढतो, पण त्याच्या आधीचा बाईंचा श्वासपण जाईल. दोन्ही चिकटलेत."

नको म्हटलं.

ता. १७
निमी आली, नागावहून. रेवसची लाँच पकडून करंजाला उतरली. तिच्याकडे घरगुती लॉजिंगला सुट्टीचे पाहुणे, तरी आली. वैशालीने बोलावलं असणार. दोघी मागच्या दारी बोंबील साफ करत बसल्या होत्या. मी गेलो तशा गप्प झाल्या.

मीच विषय काढला. काळी जोडी ठरवलीय, आवाज मोठा आहे.
निमी म्हणाली, "लाकडीवर तुम्ही ऐकू येता म्हणून ना?"
वैशाली आत निघून गेली.
"बाबा, ते सगळ्यांनी ऐकलं होतं तेव्हाच. मांडवात बसलेल्या सगळ्या बायकांनी. तुम्हीच काय ते ऐकलं नव्हतं."

मी म्हटलं, श्वास घेऊन कुणाला बोलावणार होती ती? माझ्या चुलत्याला?

निमीने हातातल्या बोंबलाचं डोकं मोडून बाजूला टाकलं. "दादाला," म्हणाली. "आदल्या दिवशी मला सांगितलं होतं आईने. तुझ्या लग्नात त्याला बोलावते, तेव्हा तरी बाबा नाही म्हणायचे नाहीत."

आमचा थोरला मुलगा. पाच वर्षांचा होता. काविळीने गेला. घरात त्याचं नाव घ्यायचं नाही, हे मीच सांगितलं होतं, दहाव्याच्या दिवशी. हिने पाळलं. चाळीस वर्षांच्या वर पाळलं.

ता. १८
मिठागरात बांधाचं काम चालू झालंय. बघायला म्हणून गेलो, तसाच उभा राहिलो. घरी कसा आलो ते नीट

ता. १९
दुकानदाराचा फोन. "काका, काळी पाठवू ना? गाडी उरणला येतेय उद्या."
लाकडी पाठवा म्हटलं.
"नक्की ना?"
नक्की कसलं. पण म्हटलं, नक्की.
निमी जाताना एवढंच म्हणाली होती, मला आईचा तो श्वास ऐकायचाय. बाकीचं काय ते ऐकलेलंच आहे.

ता. २०
स्पीकर आले. वैशालीने कुंकू लावलं. मी भिंतीपासून हातभर पुढे सरकवले. आज लावले नाहीत. हिची जुनी हिरवी लुगडी त्यांच्यावर टाकून ठेवलीत, धूळ नको म्हणून. दोन बायका उभ्या आहेत असं वाटतं. ये-जा करताना बाजूने जातो.

ता. २१
वैशाली बाजाराला गेली. दार लावून घेतलं. हिचा श्वास आणि माझं ओरडणं, मध्ये जागा अगदी थोडी आहे. थोरल्याचं नाव लहान आहे. बसेल असं वाटलं.

नामा. लिहिलं. आधी लिहून बघितलं.

मग तोंडाने. हिने श्वास घेतला की लगेच म्हणायचं, मी ओरडायच्या आत. सहा वेळा लावलं. पहिल्या वेळी तोंडच उघडलं नाही. पुढे चार वेळा माझंच ओरडणं आधी आलं. एकदा नाव आणि ओरडणं दोन्ही एकदम आली, एकमेकांवर.

परवा माणसं यायचीत. वैशाली यायच्या आत अजून एकदा बघतो.