माझे घर, माझी अवजारे आणि उमाजीची कॅसेट यांबाबत

मी, देवराव झिंगू नान्हे, वय ७३, राहणार रेल्वे फाटकाजवळ, नागभीड, धंदा टेपरेकॉर्डर दुरुस्ती, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. अर्जनवीस मधेच दोन शब्द आपल्या मनचे घालतो, म्हणून त्याच्याकडे गेलो नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडला आहे. त्याची एक प्रत तांदळाच्या कोठीत आहे, कारण कागद हरवतात किंवा हरवले जातात.

१. राहते घर पत्नी गोकुळा हिचे, ती हयात असेतो. नंतर मुलगा हेमराज याचे. त्याने आतापासून भिंती मोजू नयेत. परवा विचारले तर म्हणाला, "पडदे लावाचे हायेत, बाबा." आमच्या घराला खिडकी एकच आहे.

२. पोस्टाचे पुस्तक गोकुळाचे. तिने ते कुणाला नुसते पाहायलाही देऊ नये.

३. दुकानातले टेप हेमराजने भंगारात घालू नयेत. गाणे पळते किंवा रडते म्हणून मोटर गेली असे होत नाही. आधी पट्टा ढिला आहे का पाहावे, मग रबरी चाक स्पिरिटने पुसावे. मोटरच्या मागच्या भोकातला वेगाचा स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही केसभर. त्यावर मी लाल नेलपॉलिशचा थेंब टाकतो. कुणी हात लावला की थेंब फुटतो आणि मला कळते.

४. लहानू भोयर, समोरचा मेकॅनिक. १९९४ साली दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावनाटकाच्या, तालमीत माझा मोठा भाऊ उमाजी याने राजाच्या सोंगाचे गाणे म्हटले. मी ते सेलवर टेप केले. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी रात्रीच्या दंडारीची जाहिरात म्हणून चौकात विजेवर, भोंग्यातून वाजवले, तर राजाचा आवाज चिमणीसारखा. लोक ओरडले, "राजा हाये का राणी?" त्या दिवसापासून उमाजीने गाणे सोडले आणि माझ्याशी बोलणेही. भोंग्याची तार जोडायला टेप आदल्या दिवशी लहानूकडे होता. स्क्रू त्यानेच फिरवला, असे मी तीस वर्षे गावभर सांगितले.

५. गेल्या महिन्यात तो टेप त्यानंतर पहिल्यांदाच उघडला. थेंब शाबूत. मग आठवले. तालमीला मी नवे सेल घेतले नव्हते, जुनेच उन्हात तापवून घातले होते, तेव्हा सगळेच घालत तसे. मोटर दमत होती. कॅसेट हळू भरली, म्हणून विजेवर पळाली. चूक माझी. माझी सर्व अवजारे लहानूला द्यावीत. माझा हरवलेला मीटरही त्याचाच समजावा. तो त्याच्याकडेच आहे, हा संशय मी मागे घेत नाही.

६. तो टेप मी आता स्क्रू फिरवून हळू लावून ठेवला आहे. त्यावर उमाजीचा आवाज खरा येतो. टेप व कॅसेट उमाजीला.

७. हे कलम नंतर लिहिले. आज साक्षीला आलेल्या पोचूभाऊंनी उमाजीला बोलावून आणले. त्याने सगळे वाचले. कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. मी त्याच्या बोटांकडे पाहत होतो, मधेच बंद करतो की काय म्हणून.

"सेलासाठी मले पैसे काऊन नाई मांगितले?" तो म्हणाला.

"तू रागावशीन म्हून, भाऊ."

"मंग आता का झालं?"

वाटेकऱ्याने साक्षीदार होऊ नये, असे पोचूभाऊ म्हणाले. तेव्हा उमाजी म्हणाला, "टेप नको मले. सही कुठी करू? आन लहानूले हे तू मेल्यावर समजन का? चप्पल घाल."

म्हणून कलम ६ रद्द. टेप गोकुळाकडे राहील, उमाजी आला की तिने तो लावावा. सह्या करून आम्ही दोघे समोर लहानूकडे जात आहोत. परत येईपर्यंत पोचूभाऊंनी या कागदाला कुणाचा हात लागू देऊ नये.

लिहून देणार : देवराव झिंगू नान्हे

साक्षीदार :
पोचू आत्राम, निवृत्त पोस्टमन
उमाजी झिंगू नान्हे (वाचून आणि ऐकून सही केली)

नागभीड, ९ फेब्रुवारी २०२५