पाणथळीची वर्गणी

८ फेब्रुवारी, रविवार संध्याकाळ. बारामती

आज सगळं काम बिघडलं, आणि मी मात्र घरी आल्यापासून हसतेय!

डाळज गावच्या पाणथळीची किंमत पैशात काढायची, हे आमचं कॉलेजचं सर्वेक्षण. हल्ली पाऊस कसाही पडतो. धरणाचं पाणी वेळेवर उतरत नाही, चिखल उघडा पडत नाही, मग रोहित पक्षी उशिरा येतात. म्हणून घरोघरी, एकेकाला एकटं गाठून विचारायचं: समजा, ही जागा वाचवायची ठरली, तर तुम्ही वर्षाला किती द्याल? नुसतं समजा. घ्यायचं काहीच नाही.

मी शहाणी देवळासमोर बसून सगळ्यांना एकदम विचारायला गेले! मासे धरणारे तात्या मोठ्यांदा म्हणाले, "माझं पाचशे लिव, पोरी." लगेच मागून आवाज, "मग माझं सहाशे!" झालं, जत्रेची वर्गणीच सुरू. मी ओरडतेय, "अहो, हे नुसतं समजा आहे!" ऐकतंय कोण? शेवंताकाकू म्हणाल्या, "पैसं न्हाईत माझ्याकडं, पण काठ साफ कराया दोन दिस येती." हे कुठल्या रकान्यात लिहू मी?

सर म्हणतील, एकमेकांचं ऐकून सांगितलेले आकडे बाद. असतील बाद. पण चुकीची उत्तरं इतक्या हौसेनं देतं का कुणी?

निघताना तात्यांनी अडवलं. "समद्यांचं झालं, पोरी. तुझं किती?"

माझं? मी तर विचारणारी! "समजा..." म्हणायला लागले, आणि बघते तर हात पर्समध्ये.